इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स : बाल-लसीकरण

भारतातील बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना. दोन जुन्या संस्थांच्या एकत्रीकरणातून १९६३ साली स्थापन. मुख्यालय नवी मुंबईत. मुखपत्र 'इंडियन पेडियाट्रिक्स' (१९६४ पासून).

वेळापत्रक : संघटनेचे सर्वांत परिचित काम. तिची लसविषयक समिती वेळापत्रक वेळोवेळी सुधारून मुखपत्रात प्रसिद्ध करते. ते शिफारसवजा असते. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमावर (१९८५) ते बंधनकारक नाही. खासगी दवाखान्यांची कार्डे मात्र बहुधा त्यावरूनच छापली जातात. नवव्या महिन्यात सरकारी केंद्रात गोवर-रुबेला, तर अकॅडमीच्या यादीत एमएमआर, म्हणजे गालगुंडाचीही लस. शिवाय कांजिण्या, कावीळ-अ, विषमज्वर आणि फ्लू. महागड्या लसींसाठी एके काळी 'पालकांशी चर्चा करून' द्यावयाचा वेगळा गट होता. त्यातल्या रोटाव्हायरस (२०१६) आणि न्यूमोकॉकल (२०१७) या लसी पुढे सरकारी कार्यक्रमात दाखल झाल्या.

डांग्या खोकला : 'दुखणारी द्यायची की न दुखणारी?' हा दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न. पहिलीत (पूर्णपेशीय) जिवाणूची अख्खी पेशी असते, त्यामुळे ताप व सूज अधिक; दुसरीत (अपेशीय) त्याचे निवडक अंशच. अपेशीय लसीचे संरक्षण लवकर ओसरते, हे अमेरिकेतील साथींनंतर स्पष्ट झाले. २०१३ च्या सुमारास अकॅडमीने पहिल्या तीन मात्रा पूर्णपेशीय लसीच्याच द्याव्यात, अशी भूमिका घेतली. नंतर ती काहीशी शिथिल झाली. ही शिफारस पालकांच्या पसंतीविरुद्ध जाणारी होती.

पोलिओ : वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन (अकॅडमीचे माजी अध्यक्ष) यांनी तोंडावाटे देण्याच्या लसीच्या तीन मात्रा भारतीय मुलांना अपुऱ्या पडतात हे दाखवले आणि इंजेक्शनच्या लसीचा दीर्घकाळ पुरस्कार केला. पल्स पोलिओ मोहीम (१९९५ पासून) तोंडावाटेच्या लसीवरच चालली. देशात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. इंजेक्शनची लस सरकारी कार्यक्रमात २०१५ अखेरीस आली. जागतिक तुटवड्यामुळे पुढे ती ०.१ मिली, त्वचेत दिली जाऊ लागली. अकॅडमीचा कल ०.५ मिलीच्या पूर्ण मात्रेकडे, स्नायूत.

लसउत्पादकांशी संबंध : प्रायोजकत्वावरून टीका झाली आहे.

गोवर-रुबेला मोहीम : अकॅडमीचा पाठिंबा. गोव्यात २०१७, महाराष्ट्रात २०१८.