व्हेनिसची भाषा : कुठे हरली, कुठे जिंकली

व्हेनिसच्या सागरी प्रजासत्ताकाने १२११ पासून आपली घराणी क्रीट बेटावर वसवली. जमिनी त्यांच्या, दरबारी भाषाही त्यांचीच. पण भोवतालचा गाव ग्रीक, मुलांना सांभाळणाऱ्या बायका ग्रीक! १६६९ मध्ये कॅन्डिया शहर तुर्कांकडे गेले, त्याच्या कितीतरी आधी बहुतेक घराण्यांची घरची बोली ग्रीक झाली होती. ‘एरोतोक्रितोस’ हे क्रीटच्या ग्रीक बोलीतले प्रसिद्ध काव्य रचणारा व्हित्सेन्झोस कोर्नारोस आडनावाने व्हेनेशियनच.

एड्रियाटिक समुद्रातल्या क्रक बेटावर उलटे घडले. बेट १४८० मध्ये व्हेनिसच्या ताब्यात आले. तिथली डाल्मेशियन ही लॅटिनचीच लेक. गावकुसाबाहेर क्रोएशियन, बाजारात नि कचेरीत व्हेनेशियन; या दोहोंच्या मध्ये ती झिजत गेली. ती जाणणारा शेवटचा माणूस, तुओने उदाइना, १८९८ मध्ये वारला. आईवडील आपसात बोलत, ते ऐकून त्याने ती उचलली होती.

म्हणजे सत्ता कोणाची, यावरच सारे ठरत नाही. मुलांशी रोज कोण कोणत्या भाषेत बोलतो, यावरही ठरते. मंडळी, आपणही घरात आपसात मराठी बोलतो. पण मुलांशी?