पत्ता, क्रमांक आणि मार्ग : भिवंडीच्या उदाहरणावरून एक विवेचन

१

संगणक-जालविद्येच्या प्रमाणपत्र-परीक्षांत मार्गनिर्देशक प्रोटोकॉलांच्या पत्त्यांविषयी जे प्रश्न घातले जातात, ते प्रथमदर्शनी निव्वळ आकडेमोडीचे व पाठांतराचे वाटतात. अमुक प्रोटोकॉलचा संदेश कोणत्या पत्त्यावर जातो, अमुक चार जाले एका आरंभाखाली आणता येतील काय, मधला राउटर संदेश चुकीच्या दिशेस का पाठवितो, असे हे प्रश्न असतात. परीक्षार्थी त्यांची कोष्टके करतो आणि ती घोकतो. परंतु प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जोडणी बिघडवून ठेवलेली असली, म्हणजे घोकलेले कोष्टक उपयोगी पडत नाही. याचे कारण असे की, पत्ता हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो त्याचाच विचार झालेला नसतो. हा विचार संगणकाच्या फार पूर्वी टपालाच्या व्यवहारात करावा लागला होता. आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातील एका संस्कृत पंडिताच्या हातून पार पडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२

कल्याण-भिवंडी हे जोडनाव मराठ्यांच्या इतिहासात शिवाजीमहाराजांच्या १६५७ च्या मोहिमेपासून परिचित आहे. या दोन बंदरांचे भाग्य पुढे भिन्न झाले. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे आगगाडी सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली. कल्याण हे घाटाच्या दोन्ही वाटांचे जंक्शन झाले; भिवंडी मात्र मुख्य लोहमार्गाच्या बाहेर राहिली. टपालाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, गाव कोठे आहे यापेक्षा गावाकडे जाणारी थैली कोठे उतरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

रेल्वे-टपालाच्या डब्यात उभे राहून खणांच्या चौकटीत पत्रे टाकणाऱ्या वर्गीकरण-कारकुनास हे ज्ञान मुखोद्गत असावे लागे. त्याच्यापुढील अडचणी मुख्यतः भाषिक होत्या. एकाच नावाची गावे अनेक: शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे, तसे कर्नाटकातही आहे, ‘वाडा’ हे तर ग्रामनाम आणि सामान्यनाम दोन्ही. पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. रोमन लिपीत भिवंडीमधील ‘व’ कधी एका अक्षराने, कधी दुसऱ्याने दाखविलेला. नाव ओळखू येत असे, पण नावावरून वाट कळत नसे.

श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–१९९९) हे संस्कृतचे कवी व नाटककार. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव व डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य या नात्याने त्यांनी या अडचणीवर सहा अंकांची योजना सिद्ध केली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल-कार्यालय. ज्यांचे आयुष्य शब्दांत गेले, त्यांनीच शब्दांची अपुरी बाजू अंकांनी भरून काढली.

या योजनेचे मर्म भिवंडीच्या ४२१३०२ या क्रमांकात स्पष्ट दिसते. प्रशासनाच्या हिशेबी भिवंडी ठाणे जिल्ह्यातील तालुका आहे. काल्हेर व कशेळी ही भिवंडी तालुक्यातील गावे खाडीच्या एका काठावर, तर ठाणे शहर दुसऱ्या काठावर. तथापि ठाणे शहराचा क्रमांक मुंबईप्रमाणे ४०० ने सुरू होतो, आणि भिवंडीचा ४२१ ने. या ४२१ च्या खाली कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, शहापूर व वाडा ही गावे येतात. वसई, विरार व डहाणू ४०१ खाली जातात. म्हणजे जुना ठाणे जिल्हा एक, पण त्याचे आरंभ तीन. उलट गोवा हे निराळे राज्य असूनही त्याचा ४०३ हा आरंभ टपालखात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वाडा तालुका त्यात गेला. त्याचा ४२१३०३ हा क्रमांक मात्र ४२१ मध्येच राहिला. सीमा बदलली, वाट बदलली नाही. तात्पर्य, पिनकोड हा भूगोलाचा किंवा राज्यकारभाराचा निर्देशक नसून वाहतुकीच्या रचनेचा निर्देशक आहे.

३

नाव, पत्ता व मार्ग या तीन कल्पनांचा स्पष्ट भेद जालविद्येत जॉन शॉख यांनी १९७८ मध्ये मांडला. नाव म्हणजे काय हवे ते, पत्ता म्हणजे ते कोठे आहे, आणि मार्ग म्हणजे तेथे कसे पोहोचावे. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मूळ संहितेत हाच भेद गृहीत धरला असून पत्त्यास ३२ द्विमान अंकांचे रूप दिले आहे.

आरंभी या पत्त्यांतील जालाचा भाग व यंत्राचा भाग यांची सीमा वर्गवारीने ठरलेली होती. १९८८ मध्ये लिपिबद्ध झालेला ‘रिप’ हा प्रोटोकॉल याच समजुतीवर चालतो. तो मार्गाबरोबर सीमादर्शक मुखवटा पाठवीत नाही. समजा, १०.१.०.० हे जाल एका टोकास, १०.२.०.० हे दुसऱ्या टोकास आणि मध्ये १९२.१६८.१.० आहे. दोन्ही टोकांचे राउटर मधल्यास एकच निरोप देतात, की १०.०.०.० माझ्याकडे आहे. मधल्याने कोणाचे ऐकावे? अंतरे सारखी असल्यास तो संदेश दोन्हींकडे वाटू लागतो व त्यांतील काही चुकीच्या दारी जातात. मुंबईतील कारकुनाने पत्त्यातील केवळ ‘जिल्हा ठाणे’ एवढेच वाचून थैली भरली, तर भिवंडीचे पत्र ठाण्यास आणि विरारचेही ठाण्यास उतरेल. दोष त्याच प्रकारचा आहे. १९९३ मध्ये वर्गवारी सोडून आरंभाची लांबी पत्त्याबरोबरच सांगण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि हा दोष मुळातून दूर करण्याची सोय झाली.

या पद्धतीत संक्षेप कोठे करावा हे अंकांच्या बाह्य क्रमावरून ठरत नाही. १९२.१६८.४.० ते १९२.१६८.७.० ही चार जाले २२ अंकांच्या एका आरंभाखाली नेमकी बसतात, परंतु १९२.१६८.५.० ते १९२.१६८.८.० ही चार तितकीच लागोपाठची जाले बसत नाहीत. त्यांना सामावणारा आरंभ २० अंकांचा, व तो १६ जाले कवेत घेतो. म्हणजे जी १२ आपली नाहीत, त्यांचीही जबाबदारी राउटर नकळत पत्करतो. ज्याने द्विमान रूप मांडून पाहिले नाही, तो परीक्षार्थी येथे हमखास फसतो.

४

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘सीसीआयई’ या परीक्षेत लेखी भागानंतर प्रयोगशाळेचा भाग असतो, आणि त्यात प्रत्यक्ष जाल उभे करावे लागते. या परीक्षेचा १०२४ हा पहिला क्रमांक कोणा व्यक्तीस न देता प्रयोगशाळेसच देण्यात आला होता. अशा परीक्षेच्या तयारीत पाठ केली जाणारी एक मालिका विशेष विचारार्ह आहे. ‘ओएसपीएफ’ चालविणारे सर्व राउटर २२४.०.०.५ ऐकतात, त्यांतील नियुक्त राउटर व त्याचा राखीव जोडीदार २२४.०.०.६ ऐकतात, ‘रिप’च्या दुसऱ्या आवृत्तीस २२४.०.०.९ व ‘ईआयजीआरपी’स २२४.०.०.१० आहे.

हे पत्ते स्थळवाचक नव्हेत. ‘पोस्टमास्तर, भिवंडी’ असे लिहिलेले पत्र त्या खुर्चीवर जो असेल त्यास मिळते, तसेच २२४.०.०.६ हे एका यंत्राचे नाव नसून अधिकारपदाचे नाव आहे. नियुक्त राउटर बंद पडला की जोडीदार त्या पदावर येतो, पत्ता तोच राहतो. शिवाय या मालिकेतील संदेश राउटर पुढे पाठवीत नाहीत. ते त्या दुव्यापुरतेच असतात. विशेषनाम व पदनाम हा व्याकरणातील भेद ज्यास कळला, त्यास ही मालिका घोकावी लागत नाही; आणि शेजारसंबंध जुळत नसल्यास दोष दूरच्या मार्गात नव्हे, जवळच्या दुव्यात शोधावा, हेही त्यास कळते.

५

भिवंडी हे पूर्वी मागांचे गाव म्हणून ओळखले जाई. आता त्याच्या भोवतालच्या माणकोली, राहनाळ, वळ, दापोडे इत्यादी गावांत गोदामांची दाटी झाली आहे. तेथे पत्ता बहुधा कंपाउंडच्या नावाने व गाळ्याच्या क्रमांकाने सांगितला जातो, आणि तोच गाळा-क्रमांक शेजारच्या कंपाउंडमध्येही असतो. ४२१३०२ पर्यंत माल बिनचूक येतो. पुढची वाट चालकास विचारीत काढावी लागते. टपालखात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा चिन्हांचा ‘डिजिपिन’ सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन दाखवितो, व ही शेवटची उणीव भरून काढू शकतो. पण तो स्थान सांगतो, वाट नव्हे. म्हणूनच तो पिनकोडची जागा घेत नाही.

नाव, स्थान, पद व मार्ग यांना वेगवेगळे संकेत लागतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून घेतले की वस्तू भलत्या दारी जाते, हा या इतिहासाचा बोध होय. प्रयोगशाळेतील परीक्षार्थ्यास विचारलेला प्रश्न आणि रेल्वे-टपालाच्या डब्यातील कारकुनास पडलेला प्रश्न यांत म्हणूनच तत्त्वतः अंतर नाही. हाती आलेला संकेत या चारांपैकी कशाचा आहे, हे दोघांनाही प्रथम ठरवावे लागते, खण त्यानंतरचा.