दर्या बंद असताना

कोकणात जायचे ते वैशाखात, नाहीतर थेट दिवाळी उलटल्यावर, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. वैशाखात आंबा असतो, मार्गशीर्षात हवा असते. मधले चार महिने कोकण कोकणवाल्यांच्या स्वाधीन! यंदा आमच्या घरी फराळाच्या ताटांभोवतीच पुढल्या श्रावणातल्या प्रवासाचा बेत निघाला. पुण्याहून आपली गाडी घेऊन निघायचे, अलिबागच्या अंगाने चौल-रेवदंडा गाठायचे, आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै असे करीत दाभोळपर्यंत उतरायचे. बरोबर आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडे आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्या. गर्दी नाही, खोल्या स्वस्त, डोंगर हिरवेगार, असा सूनबाईंचा हिशेब. आत्यांनी एका वाक्यात तो मोडीत काढला : "अरे, तेव्हा दर्या बंद असतो!"

गाडीला दर्या बंद असला काय नि उघडा असला काय, असे चिरंजीव म्हणाले. मला मात्र आत्यांचे ते दोन शब्द सोडीनात. मी कपाटातली पुस्तके खाली काढली. खोल्यांचे काम तरुण मंडळींकडे राहिले, आणि इतिहास माझ्या वाट्याला आला.

दर्या बंद असणे हा कोकणचा सर्वांत जुना कायदा आहे. तो कोणत्याही राजाने केलेला नाही. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो गलबताला किनाऱ्याकडेच रेटतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे, त्यांवर फुटणाऱ्या लाटा, आणि आत शिरायची वाट तर तेवढीच. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तीत आपले चौल 'सेमुल्ल' म्हणून येते. मिसरातून जुलैच्या सुमारास निघावे, असे ती सांगते. म्हणजे मागून वारा तर मिळतो, पण जहाज या किनाऱ्याला लागते ते पावसाचा जोर ओसरल्यावर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या परक्या तांडेलाला जे कळत होते ते आमच्या चिरंजीवांना पटवून देण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

राजांनी हा कायदा मुकाट्याने मानला. शिवाजीमहाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले ते 1664 च्या नोव्हेंबरात, आणि बसरूरवर आरमार घेऊन गेले ते 1665 च्या फेब्रुवारीत. दोन्ही महिने उघड्या दर्याचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे, त्यात तर पावसाळ्याचा विचार एखाद्या दक्ष गृहिणीसारखा केलेला आहे. पाऊस लागण्याआधीच आरमार छावणीला आणावे. ते दरसाल एकाच बंदरात ठेवू नये, जागा बदलावी. का? तर रिकामे बसलेले दर्यावर्दी लोक आसपासच्या रयतेला जाच करतील, ही धास्ती! त्याच ग्रंथात जहाजांच्या लाकडासाठी आंबे-फणस तोडू नयेत, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. कोकणातल्या घराभोवतीचा फणस पाहताना मला आता नेहमी हे प्रकरण आठवेल.

इंग्रजांनाही या वाऱ्यापुढे मान तुकवावी लागली. 1755 च्या एप्रिलच्या आरंभी कमोडोर जेम्स याने पेशव्यांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. पाठोपाठ बाणकोटही पडले. पेशव्यांच्या माणसांना पुढेही सरकायचे होते. पण हंगाम संपत आला म्हणून मुंबईकरांनी जेम्सला परत बोलावले. विजयदुर्गाचा निकाल लागायला 1756 चा फेब्रुवारी उजाडला. आंग्र्यांच्या आरमाराला जे काही महिने अधिक मिळाले, ते या पावसाने दिले. आपल्याच आरमाराच्या नाशाला पेशव्यांनी परक्यांचा हात लावून घेतला, ही गोष्ट मला आजही बोचते. हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहिलो की समोर सुवर्णदुर्ग दिसेलच. नातवंडांना हे सांगायचे की नुसता किल्ला दाखवायचा, हे मी अजून ठरवलेले नाही.

पण या साऱ्या शोधात मला खरा सोबती भेटला तो एक रशियन. त्व्हेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी 1470 च्या आगेमागे होर्मूझहून घोड्यांच्या जहाजात बसून चौलला उतरला. बरोबर एक तेजी घोडा. या देशात घोडे पैदा होत नाहीत, तेव्हा चांगले मोल येईल, असा त्याचा हिशेब. चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि नेमका पावसात सापडला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, याचे त्याने मोठे आश्चर्य नोंदवले आहे. आणि लोक याच दिवसांत नांगरतात, पेरतात, हेही तो लिहायला विसरला नाही. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. परमुलखात, भर पावसात, एकटा माणूस. अखेर खोरासानच्या एका ओळखीच्या ख्वाजाने रदबदली केली, तेव्हा घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. पुढे बहामनी राजधानी बीदरपर्यंत हिंडून तो परतीला निघाला तो दाभोळच्या बंदरातून. मायदेशी त्व्हेरला तो पोचलाच नाही. वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. मागे राहिली ती त्याची वही. रेवदंड्याला 2002 साली त्याचे स्मारक उभारले आहे. आमच्या प्रवासाचा आरंभ चौल आणि शेवट दाभोळ हे आधीच ठरले होते. ती निकितिनची येण्याची आणि जाण्याची बंदरे निघावीत हा निव्वळ योगायोग. घोड्याची गोष्ट ऐकल्यापासून नातू गाडीलाच 'तेजी' म्हणू लागला आहे.

आत्यांचा आक्षेप मात्र इतक्या जुन्या इतिहासातला नव्हता. 17 जुलै 1947. आषाढातली अवस. दूरच्या बंदरांच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवस म्हणजे मुंबईच्या समोरचे गाव. तिथली ये-जा चालू असे. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' बोट सुटली ती रेवसला लागली नाही. सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते, त्या गडबडीत देशाच्या इतिहासात या बोटीला फारशी जागा मिळाली नाही. अलिबाग-पेणकडच्या घराघरांत मात्र ती राहिली. आत्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्या वर्षापासून आषाढ-श्रावणात आमच्या घरचे कोणी बोटीत पाऊल टाकीत नसे, एवढेच त्या सांगतात. अधिक विचारले तर वाती वळायला घेतात.

"मग आपण रस्त्यानेच जातोय ना," असे चिरंजीव म्हणाले खरे. पण कोकणातला रस्ता म्हणजे काही समुद्राचा शत्रू नव्हे. दर दहा-वीस मैलांवर खाडी आडवी येते. रेवस ते रेडी असा सलग सागरी मार्ग करण्याची कल्पना गेल्या शतकात, 1980 नंतरच्या वर्षांतली. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर व्हायचे आहेत. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. पण आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला आणि दाभोळहून धोपाव्याला गाडी फेरीबोटीवरच चढवावी लागते. आणि पूल असला म्हणजे सारे झाले असेही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात गेला, आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. वर्षाच्या आत, 2017 च्या जूनमध्ये, नवा पूल झाला. आमची परतीची वाट त्याच पुलावरून आहे. म्हणून पहिला नियम मी घातला : अंधार पडल्यावर गाडी हलवायची नाही. दुसरा, दिवसाला एकच मुक्काम बदलायचा, आणि पाऊस धरून बसला तर तोही नाही. निकितिन नाही का जुन्नरला बसून राहिला! जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा किल्ला राजपुरीच्या काठावरूनच पाहायचा. नातवंडे हिरमुसली, पण सिद्दीचा किल्ला संभाजीमहाराजांनाही आतून पाहायला मिळाला नाही, हे सांगितल्यावर त्यांची थोडी समजूत पटली.

राहिला प्रश्न तिथीचा. सरकारी हिशेबाने मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. आत्या सरकारचे कॅलेंडर मानीत नाहीत. त्यांच्या लेखी दर्या उघडतो तो नारळी पौर्णिमेला, कोळ्यांनी नारळ वाहिल्यावर. पंचांग निघाले, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या त्यावर ठेवून पाहिल्या, आणि पौर्णिमेचा मुक्काम मुरूडला करायचा असे ठरले. आगरदांड्याची पहिली फेरी त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिन्ही फेरीबोटींत आत्या बसायला तयार आहेत. नारळ मात्र त्या घरूनच नेणार आहेत, एक नव्हे, तीन. प्रत्येक खाडीला वेगळा.