ब्लॉब साठवण

ब्लॉब : पीडीएफ, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण यांसारखी मोठी बायनरी वस्तू. तिच्या आत काय आहे हे रिलेशनल डेटाबेसला कळत नाही. तो ती फक्त सांभाळतो आणि मागितली की परत देतो.

उदाहरणार्थ, राहुरी (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तेथील प्रबंध ‘कृषिकोश’ या राष्ट्रीय भांडारात वाचायला मिळतात. हे भांडार डीस्पेस या मुक्त प्रणालीवर चालते. डीस्पेसच्या मूळ रचनेत शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, वर्ष हा तपशील डेटाबेसच्या टेबलांत असतो, तर पीडीएफ डिस्कवर वेगळी राहते. टेबलात तिचा अंतर्गत क्रमांक, आकार, चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा अंक) असा तपशील नोंदलेला असतो. चुकीची फाइल बदलायची झाल्यास जुनीवर नवी लिहिली जात नाही. नवी फाइल नव्या क्रमांकाने येते, जुनीच्या नोंदीवर ‘काढलेली’ अशी खूण होते आणि डिस्कवरची सफाई नंतर वेगळ्या आज्ञेने करतात. त्यामुळे बदल अर्ध्यात फसला तरी जुना प्रबंध शाबूत राहतो.

पीडीएफ डेटाबेसमध्येच ठेवायची तर प्रत्येक डेटाबेसची रीत निराळी. मायएसक्यूएलचा साधा ‘ब्लॉब’ स्तंभ ६५,५३५ बाइटांपुरताच. स्कॅन केलेला प्रबंध त्यात मावत नाही, ‘लाँगब्लॉब’ घ्यावा लागतो. ओरॅकलमध्ये आधी ब्लॉबची ओळ कुलूपबंद करून मग लोकेटरमार्फत (ब्लॉबकडे नेणाऱ्या दुव्यामार्फत) हवा तेवढा भाग लिहिता येतो. पोस्टग्रेस मोठे मूल्य सुमारे दोन केबीच्या तुकड्यांत बाजूच्या टेबलात ठेवते. केवळ शीर्षक दुरुस्त केले तर या तुकड्यांना धक्का लागत नाही, पण ‘बाइटिया’ स्तंभातील पीडीएफचा एक बाइट बदलला तरी ती सगळी नव्याने लिहिली जाते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये मोजणी करून काढलेला निष्कर्ष आजही कामाचा आहे : २५६ केबीहून लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, एक एमबीहून मोठ्या फाइलव्यवस्थेत, मधल्या वस्तूंचा निर्णय त्या किती वेळा बदलतात यावर. विद्यार्थ्याचा फोटो किंवा सही टेबलात ठेवावी, शेकडो पानांचा स्कॅन केलेला प्रबंध बाहेर. डीस्पेसची निवड म्हणूनच योग्य ठरते.

मात्र या निवडीमुळे बॅकअप दोन ठिकाणचा घ्यावा लागतो, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी डेटाबेसचा, मग फाइलींचा. दरम्यान सफाईची आज्ञा चालवायची नाही. मग बॅकअपमधल्या प्रत्येक नोंदीला तिची फाइल सापडते. उलट क्रमाने घेतल्यास मधल्या वेळेत दाखल झालेल्या प्रबंधाची नोंद मिळते, प्रबंध मिळत नाही. प्रबंधात नोंदलेली, एखाद्या हंगामात शेतावर घेतलेली निरीक्षणे पुन्हा घेता येत नाहीत. त्यामुळे बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून चेकसम जुळवून पाहिल्याखेरीज तो झाला असे धरू नये.