मारिया फिट्झहर्बर्ट : इंग्लंडच्या युवराजाची कॅथलिक पत्नी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे एक कॅथलिक चर्च आहे. तेथे गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका स्त्रीची कोरीव प्रतिमा असून तिच्या बोटात लग्नाच्या तीन अंगठ्या दाखविलेल्या आहेत. पहिल्या दोन अंगठ्या तिच्या दोन दिवंगत पतींच्या होत. तिसरी अंगठी इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज यांची होय. या तिसऱ्या विवाहाला इंग्लंडच्या कायद्याने कधीही मान्यता दिली नाही. ख्रिस्तसभेने मात्र तो विवाह खरा मानला. या स्त्रीचे नाव मारिया फिट्झहर्बर्ट. तिची जीवनकथा, तिच्या काळचे वारसाहक्काचे कायदे आणि विवाहसंस्काराविषयी ख्रिस्तसभेची भूमिका यांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडच्या राजघराण्यात गुप्त विवाहांची परंपरा जुनी आहे. राजे चौथे एडवर्ड यांनी १४६४ साली एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशी गुपचूप लग्न केले. आठव्या हेन्रीने १५३३ च्या जानेवारीत अ‍ॅन बुलीनशी गुप्तपणे विवाह केला आणि त्यानंतर इंग्लंड व रोम यांच्यातील नाते तुटले.

आपल्या मुंबईशी निगडित असलेला एक राजविवाहही अंशतः गुप्तच होता. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडचे राजे दुसरे चार्ल्स यांना राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा हिच्या विवाहात आंदण दिले. २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथ येथे विवाह झाला, तेव्हा राणीच्या आग्रहास्तव प्रथम कॅथलिक विधी बंद दाराआड करण्यात आला आणि नंतर अँग्लिकन विधी उघडपणे पार पडला. राजाला कॅथलिक पत्नी चालत होती, परंतु तिचा धर्मविधी लोकांच्या दृष्टीस पडू द्यावयाचा नव्हता.

या राणीला अपत्य झाले नाही. त्यामुळे गादी चार्ल्सचा धाकटा भाऊ दुसरा जेम्स याच्याकडे गेली. जेम्सने कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेली होती. १६८८ साली त्याला पुत्र झाला, तेव्हा कॅथलिक राजवंश कायमचा स्थिरावेल या भीतीने सरदारवर्गाने बंड केले आणि जेम्सला देश सोडावा लागला. पुढे १६८९ चा हक्कांचा कायदा आणि १७०१ चा वारसाहक्काचा कायदा यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या : कॅथलिक व्यक्तीला इंग्लंडच्या गादीवर बसता येणार नाही, आणि कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यालाही गादी मिळणार नाही.

मारियाचे पूर्वायुष्य

मारिया अ‍ॅन स्माइद हिचा जन्म २६ जुलै १७५६ रोजी एका जुन्या कॅथलिक घराण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क नव्हता आणि सरकारी पदे त्यांना बंद होती. सधन कॅथलिक कुटुंबे आपल्या मुलींना शिक्षणासाठी परदेशातील मठांत पाठवीत. मारियाचे शिक्षणही पॅरिसमधील इंग्रज धर्मभगिनींच्या मठात झाले.

१७७५ साली तिचा विवाह ललवर्थचे जमीनदार एडवर्ड वेल्ड यांच्याशी झाला. अवघ्या काही महिन्यांतच ते मृत्यू पावले. नवे मृत्युपत्र सही होण्याआधीच मरण आल्यामुळे मारियाच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. १७७८ साली तिने थॉमस फिट्झहर्बर्ट यांच्याशी विवाह केला. तेही १७८१ साली मरण पावले. वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या आत ती दुसऱ्यांदा विधवा झाली. या वेळी मात्र तिला वर्षाला एक हजार पौंडांचे उत्पन्न आणि लंडनच्या पार्क स्ट्रीटवरील घर मिळाले.

युवराजाचा हट्ट

१७८४ साली युवराज जॉर्ज, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, तिच्या प्रेमात पडले. ते तिच्याहून सहा वर्षांनी लहान होते. दरबारात अशा संबंधांना रखेलीचे स्थान मिळे आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. मारियाने मात्र ते साफ नाकारले. विवाहाशिवाय कोणतेही नाते तिला मान्य नव्हते आणि विवाह तर कायद्याने अशक्य होता.

एके दिवशी युवराजांचे लोक तिच्या घरी आले. युवराजांनी स्वतःला भोसकून घेतले आहे व ती आली नाही तर ते जगणार नाहीत, असा निरोप त्यांनी आणला. डेव्हनशायरच्या डचेस जॉर्जियाना यांना सोबत घेऊन मारिया युवराजांच्या कार्लटन हाउस या वाड्यात गेली. रक्ताने माखलेले युवराज पाहून तिने विवाहाचे वचन दिले व अंगठी स्वीकारली. परंतु दबावाखाली दिलेले वचन बंधनकारक नाही असे मानून दुसऱ्याच दिवशी ती युरोपात निघून गेली. सुमारे दीड वर्ष युवराजांची पत्रे तिच्यामागून जात राहिली. अखेरीस १७८५ साली ती परतली.

१५ डिसेंबर १७८५

त्या दिवशी सायंकाळी पार्क स्ट्रीटवरील तिच्या घराच्या दिवाणखान्यात, दारे बंद करून, विवाह झाला. विधी चालविण्यास अँग्लिकन धर्मोपदेशक सहजासहजी तयार होईना. शेवटी कर्जापायी तुरुंगात असलेल्या रॉबर्ट बर्ट या धर्मोपदेशकाचे पाचशे पौंडांचे कर्ज युवराजांनी फेडले व त्याच्याकडून विधी करविला. मारियाचे मामा हेन्री एरिंग्टन आणि भाऊ जॉन स्माइद हे साक्षीदार होते. युवराजांनी स्वतःच्या हाताने विवाहाचा दाखला लिहून मारियाच्या स्वाधीन केला.

अशा विवाहात भाग घेणाऱ्यांना मालमत्ता जप्ती व तुरुंगवास अशी शिक्षा होती. म्हणून पुढे साक्षीदारांच्या विनंतीवरून मारियाने दाखल्यावरील त्यांची नावे कात्रीने कापून टाकली. उरलेला कागद तिने मरेपर्यंत जपला. कॅथलिकांविरुद्ध लंडनमध्ये उसळलेल्या १७८० च्या भीषण दंगलीला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुप्ततेमागील भीती समजते.

विवाह वैध की अवैध?

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवत होती आणि तिन्ही परस्परांत गुंतलेली होती.

पहिले, १७७२ चा राजघराण्यातील विवाहांचा कायदा. राजे तिसरे जॉर्ज यांच्या एका भावाने त्यांना न विचारता लग्न केल्यामुळे हा कायदा झाला होता. त्यानुसार दुसऱ्या जॉर्जच्या वंशजांना राजाच्या संमतीवाचून विवाह करता येत नसे. वयाच्या पंचविशीनंतर प्रिव्ही कौन्सिलला एक वर्षाची सूचना देऊन विवाह करता येई; मात्र संसदेच्या दोन्ही सभागृहांचा विरोध नसला पाहिजे. युवराज तेव्हा तेवीस वर्षांचे होते व संमती मागितलीच नव्हती. म्हणून कायद्याच्या दृष्टीने विवाह झालाच नाही.

दुसरे, वारसाहक्काचा कायदा. विवाह वैध ठरला असता तर कॅथलिक स्त्रीशी लग्न केल्याबद्दल युवराजांना गादी गमवावी लागली असती. म्हणजे ज्या कायद्याने मारियाचे पत्नीपद हिरावून घेतले, त्याच कायद्याच्या आधाराने तिच्या पतीचा मुकुट वाचला.

तिसरे, ख्रिस्तसभेचा नियम. ट्रेंटच्या धर्ममहासभेने १५६३ साली गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी असे ठरविले, की धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर झालेला विवाहच ग्राह्य धरला जाईल. पण ज्या ठिकाणी हा हुकूम जाहीर करण्यात आला तेथेच तो लागू होत असे, आणि इंग्लंडमध्ये तो जाहीर झालेला नव्हता. त्यामुळे तेथे जुनाच नियम चालू होता : विवाह करण्यास मोकळ्या असलेल्या दोन बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तींनी परस्परांना खरी संमती दिली, की विवाह होतो. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहाला मनाई होती. पण त्या मनाईमुळे झालेला विवाह रद्द होत नसे. म्हणून ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मारिया जॉर्ज यांची धर्मपत्नी होती.

संसदेतील नकार

१७८७ साली युवराजांची कर्जे फेडण्याचा विषय संसदेत आला. तेव्हा जॉन रोल या सभासदाने राज्य व चर्च यांना धोका पोहोचविणाऱ्या गोष्टीचा सूचक उल्लेख केला. युवराजांचे मित्र चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी ३० एप्रिल रोजी उभे राहून असा विवाह कायद्याने होणे शक्य नव्हते आणि प्रत्यक्षातही तो कोणत्याही प्रकारे झाला नाही, असे ठामपणे सांगितले. दीड वर्षापूर्वी युवराजांनी त्यांना तसे लेखी कळविले होते. ते पत्र विवाहाच्या अवघे चार दिवस आधी लिहिलेले होते!

या नकारानंतर संसदेने कर्जासाठी १,६१,००० पौंड मंजूर केले. मारियाचे मात्र भर सभागृहात पत्नीपण नाकारले गेले. तिने फॉक्स यांना कधीही क्षमा केली नाही. पुढे १७९५ साली फॉक्स यांनी स्वतःही गुप्तपणे विवाह केला व तो सात वर्षे लपवून ठेवला.

दुसरा विवाह आणि रोमचे उत्तर

१७९४ साली युवराजांनी एका पत्राने मारियाशी संबंध तोडला. कर्जाचा आकडा सहा लाख पौंडांच्या वर गेला होता आणि राजाच्या पसंतीचा विवाह केल्यासच संसद पैसे देणार होती. ८ एप्रिल १७९५ रोजी त्यांचा विवाह ब्रुन्सविकची राजकन्या कॅरोलिन हिच्याशी झाला. पुढच्या जानेवारीत शार्लट ही कन्या जन्मली. त्यानंतर तीनच दिवसांनी लिहिलेल्या मृत्युपत्रात युवराजांनी आपले सर्वस्व ‘माझी पत्नी’ मारिया फिट्झहर्बर्ट हिच्या नावे केले. कॅरोलिनचे हालही कमी नव्हते. एका माणसाच्या दुबळेपणाची किंमत दोन स्त्रियांना मोजावी लागली.

काही वर्षांनी युवराज पुन्हा मारियाकडे परतण्यासाठी विनवण्या करू लागले. येथे मारियाचा खरा स्वभाव दिसतो. तिने वकिलांना किंवा दरबाराला विचारले नाही. तिने ख्रिस्तसभेला विचारले. लंडनच्या वॉरिक स्ट्रीट येथील धर्मगुरू फादर विल्यम नसाउ हे तिचा प्रश्न घेऊन रोमला गेले. तिचा विवाह खरा असून ती पतीकडे परत जाऊ शकते, असे उत्तर आले. १८०० साली ती परतली आणि पुढील काही वर्षे आयुष्यातील सर्वांत सुखाची गेली.

हे सुखही टिकले नाही. मारियाने सांभाळलेल्या मेरी सीमोर या अनाथ मुलीच्या ताब्यावरून खटला झाला. पालनकर्ती कॅथलिक आहे, हा विरोधकांचा मोठा आक्षेप होता. १८०६ साली उमराव सभेने मुलीचे पालकत्व लॉर्ड हर्टफर्ड यांना दिले व त्यांनी मुलीला मारियाकडेच राहू दिले. पण या निमित्ताने युवराज लेडी हर्टफर्ड यांच्या प्रभावाखाली गेले. १८११ साली ते राजप्रतिनिधी झाले, तेव्हाच्या मेजवानीत मारियाला त्यांच्या पंक्तीत स्थान नाकारण्यात आले. त्यानंतर दोघे कायमचे दुरावले.

अखेरची वर्षे

१८२० साली जॉर्ज राजे झाले. १८२९ साली कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर त्यांनी अत्यंत नाखुशीने सही केली. ज्यांची पत्नी कॅथलिक होती, त्यांनीच या कायद्याला शेवटपर्यंत विरोध करावा, ही खेदाची गोष्ट होय. २६ जून १८३० रोजी ते मरण पावले. त्यांच्या इच्छेनुसार मारियाचे लहानसे चित्र गळ्यात तसेच ठेवून त्यांना पुरण्यात आले.

नवे राजे चौथे विल्यम यांना मारियाने जपलेला दाखला दाखविला. त्यांनी तिला डचेसची पदवी देऊ केली. तिने ती नाकारली. मात्र विधवेचा पोशाख करण्याची व नोकरांना राजघराण्याचा गणवेश देण्याची परवानगी तिला मिळाली. १८३३ साली बहुतेक पत्रे जाळण्यात आली. दाखला व काही मोजके कागद कूट्स बँकेत ठेवण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते विंडसरच्या राजदप्तरात गेले. २७ मार्च १८३७ रोजी मारियाने ब्रायटन येथे देह ठेवला.

आजची स्थिती

२०१३ साली ब्रिटिश संसदेने नवा कायदा केला व तो २६ मार्च २०१५ पासून अंमलात आला. कॅथलिक व्यक्तीशी विवाह केल्यास गादीचा हक्क आता जात नाही. १९७८ साली कॅथलिक पत्नी केल्यामुळे हक्क गमावलेले प्रिन्स मायकेल ऑफ केंट यांना त्यांचे स्थान परत मिळाले. १७७२ चा कायदा रद्द झाला. आता गादीच्या पहिल्या सहा वारसांनाच राजाची संमती लागते. स्वतः राजाने कॅथलिक असू नये, ही अट मात्र कायम आहे. जुने काही अवैध विवाह नव्या कायद्याने वैध मानले. पण युवराज पहिलेच वारस असल्यामुळे मारियाचा विवाह त्यात बसत नाही.

ख्रिस्तसभेचे नियमही आज वेगळे आहेत. विवाहाची आगाऊ घोषणा, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार हे नियम आपल्या धर्मग्रामात सर्वांना परिचित आहेत. गंभीर व तातडीच्या कारणासाठी गुप्तपणे विवाह लावण्याची परवानगी धर्मप्रांताधिकारी देऊ शकतात. अशा विवाहाची नोंद बिशप कार्यालयाच्या गुप्त दप्तरात ठेवली जाते. लग्नाच्या घोषणा म्हणजे निव्वळ उपचार, असे पुष्कळांना वाटते. मारियाची कथा वाचल्यावर तसे वाटणार नाही. ज्या विवाहाला समाज साक्षी नसतो, त्यात दुबळ्या बाजूच्या हाती एका कागदापलीकडे काही उरत नाही.

मारियाने तो कागद अठ्ठेचाळीस वर्षे स्वतःजवळ ठेवला. तो उघड करून राजाची गादी हलविणे तिला शक्य होते. तिने तसे केले नाही. आपण पत्नी आहोत एवढेच तिला हवे होते आणि तेवढे तिला ख्रिस्तसभेने दिले.