शाळा, पालक आणि विश्वास : शारदा सदनाचा वाद (१८८९–१८९३)

प्रस्तावना

शाळेत काही वादग्रस्त घडले की पालकांना काय सांगायचे, केव्हा सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे प्रश्न उभे राहतात. आमच्या भिलाईत पोलाद कारखान्यामुळे देशभरातून कुटुंबे आली. एकाच वर्गात अनेक भाषांची आणि धर्मांची मुले बसतात. शाळेची सूचना घरी पोहोचण्याआधीच बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली असते. हा पेच मात्र जुना आहे. प्रस्तुत पाठात आपण तो पुण्यातील एका उदाहरणावरून समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

१८३९ मध्ये मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत (त्या काळचे मुंबईतील सुप्रीम कोर्ट) गेले आणि पारशी पालकांनी शाळेतून मुले काढून घेतली. मुलाला शाळेत पाठवणे म्हणजे त्याला गमावणे तर नव्हे, ही धास्ती तेव्हापासून पालकांच्या मनात होती.

२. सदनाचे वचन

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. बोस्टन येथील संघाच्या मदतीने त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. विधवांना शिक्षण देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. सदनात धर्म शिकवला जाणार नाही आणि मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे ठरले होते. न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. अनेक पालकांनी या नावांच्या भरवशावरच मुली पाठवल्या असणार.

३. वाद

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. रमाबाईंच्या मते ही सक्ती नव्हती. जशी मुलींना आपला धर्म पाळण्याची मोकळीक, तशीच येथे येऊन बसण्याची. टीकाकारांच्या मते ज्यांच्या आश्रयाला मुली राहतात, त्यांची प्रार्थना हीसुद्धा शिकवणच होती. 'केसरी'ने सदनावर सतत टीका केली. परिणामी, बऱ्याच पालकांना सदनाची हकिकत सदनाकडून कळण्याऐवजी वृत्तपत्रांतून कळत गेली.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि चिंतामण नारायण भट यांनी निवेदन काढले. सदन उघडपणे धर्मांतरासाठी चालणार असेल, तर आपला त्याच्याशी संबंध नाही, असा त्याचा आशय होता. मुलींना प्रार्थनेस बसू द्यावे असे रमाबाईंनी पालकांना विचारल्याचा उल्लेखही त्यात तक्रार म्हणून आहे. म्हणजे रमाबाई पालकांशी बोलत होत्या! पण एकेका पालकाला विचारणे वेगळे आणि ठरलेल्या अटीचा अर्थ बदलत आहे हे सर्वांना सांगणे वेगळे. निवेदनानंतर अनेक मुली काढून घेतल्या गेल्या. त्यांचे शिक्षण थांबावे की चालावे, हे ठरवताना त्या मुलींना कितपत विचारले गेले असेल, याचाही विचार करावा.

४. पुढील वाटचाल

त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला. रमाबाईंचे कार्य पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढले.

स्वतंत्र भारतात संविधानाच्या अनुच्छेद २८(३) ने हा प्रश्न नियमात बसवला. शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही; त्यासाठी संमती लागते आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास ती पालकाची लागते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. विनाअनुदानित खाजगी शाळा याला अपवाद आहेत.

सारांश

शारदा सदनात कोणी खोटे बोलले म्हणून विश्वास तुटला असे दिसत नाही. 'धर्म शिकवणार नाही' या एका वाक्याचे दोन अर्थ दोन्ही बाजूंनी मनात धरले होते आणि ते वेळीच समोरासमोर ताडून पाहिले गेले नाहीत. शाळेने पालकांना दिलेले वचन वाद होण्याआधी स्पष्ट करावे, आणि वाद झालाच तर पहिली हकिकत शाळेनेच सांगावी.

स्वाध्याय

१. रमाबाई आणि सल्लागार यांच्या भूमिकांतील मूळ फरक सांगा.
२. पालकांचा जाणून घेण्याचा हक्क आणि विद्यार्थिनीची स्वतःची निवड यांचा मेळ कसा घालाल? आपले मत सकारण लिहा.