व्हॅनचा कॅम्पर करताय? फोम चिकटवण्याआधी मुंबईची हवा समजून घ्या

मे महिन्याच्या दुपारी मुलुंड किंवा बोरिवलीत तासभर उन्हात उभी केलेली व्हॅन उघडली की आधी गरम हवेचा झोत अंगावर येतो. तीच गाडी जुलैच्या रात्री उभी असेल, तर छतावर पावसाचा असा ताशा वाजतो की आतल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे व्हॅनमध्ये झोपायची सोय करायची तर बेड आणि गॅसच्या आधी विचार करावा लागतो तो पत्र्याचा.

कॅम्पर बनवण्याचे बहुतेक व्हिडिओ मात्र युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे मुख्य प्रश्न थंडीचा आहे. मुंबईत तो ऊन आणि दमट हवेचा आहे. तिकडची पद्धत इथे जशीच्या तशी उचलली तर पैसे जातातच, शिवाय गाडी आतून गंजू शकते.

उपनगरांना हा प्रकार नवा नाही

अंधेरी-गोरेगावच्या रस्त्यांवर अशा गाड्या वर्षानुवर्षं दिसतात. त्यांना आपण व्हॅनिटी व्हॅन म्हणतो. हिंदी सिनेसृष्टीत ही पद्धत रुजवण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिलं जातं. बाहेर जनरेटर सुरू असताना आत गारवा आणि शांतता ठेवणं, हे या गाड्यांचं काम. कॅम्परची गरजही तीच आहे. फरक इतकाच की कॅम्पर घाट चढतो आणि त्यात माणसं रात्रभर झोपतात.

उष्णता आणि आवाज: दोन वेगळी कामं

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. फोम लावला की गाडी गारही राहील आणि शांतही होईल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उष्णता अडवणारा फोम हलका असतो आणि हलकी वस्तू आवाज फारसा अडवत नाही.

आवाजावर तीन उपाय आहेत.

पहिला, पत्र्याची थरथर थांबवणं. त्यासाठी ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट लावतात. ती संपूर्ण पत्र्यावर लावायची गरज नसते. प्रत्येक पॅनलच्या मधल्या भागात, साधारण पाव ते एक तृतीयांश जागेवर नीट दाबून बसवली तरी बहुतेक थरथर थांबते. पावसाचा ताशा कमी करण्यासाठी छतावर हाच थर लागतो. स्वस्त डांबरी शीट मात्र उन्हात मऊ पडते आणि वासही मारते.

दुसरा, हवेतून येणारा आवाज अडवणं. इथे वजन आणि फटी महत्त्वाच्या. दारांचे झिजलेले रबर बदलणं हा अनेकदा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो. ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा आवाज आधी फटीतूनच आत येतो.

तिसरा, आत घुमणारा आवाज शोषणं. गादी, पडदे आणि कापडी अस्तर हे काम करतात.

मारुतीच्या ओम्नी आणि ईको या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे या गाड्यांत आवाज आणि धग दोन्ही तिथूनच येतात. त्या भागात साधा फोम लावू नये. उष्णता सोसणारं, पेट न घेणारं साहित्यच वापरावं.

फोम किती जाड हवा?

एक सोपा हिशोब पाहू. छत सहा चौरस मीटरचं आहे, पत्रा ६० अंशांवर तापलाय आणि आत ३० अंश ठेवायचेत. १० मिलिमीटर जाडीच्या चांगल्या फोममधून साधारण ६५० वॉट उष्णता आत येईल. २० मिलिमीटरला ती ३२५ वर येते आणि ४० मिलिमीटरला १६० च्या आसपास. म्हणजे पहिल्या २० मिलिमीटरचा फायदा मोठा. त्यानंतर जाडी वाढवत गेलं की फायदा कमी होतो आणि डोक्यावरची जागा मात्र जाते.

याउलट, एक चौरस मीटर काचेवर थेट ऊन पडलं तर ५०० वॉटहून जास्त उष्णता आत येऊ शकते. त्यामुळे काचा उघड्या ठेवून छताला दुप्पट फोम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. काचेला बाहेरून लावायचं चमकदार कव्हर आतल्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण ते ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही.

चमकदार फॉइलबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. फॉइलसमोर हवेची फट असेल तरच ते उष्णता परतवतं. दोन थरांमध्ये दाबून बसवलं की त्याचा हा उपयोग जवळपास संपतो.

खरा शत्रू: पाणी

बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २५ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी जमतं. पावसाळ्यात मुंबईत ही नेहमीची स्थिती. एसी लावून आत २२ अंश केलेत, तर दमट हवा पत्र्यामागच्या पोकळीतून शिरून थंड पॅनलच्या मागे पाणी सोडते. हिवाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम केलात तर उलटं होतं. श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमते.

म्हणून फोम पाणी न शोषणारा हवा आणि मागे पोकळी न ठेवता चिकटवलेला हवा. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबर फोम यासाठी चांगला. काचलोकर पाणी धरते आणि खाली बसते. थर्मोकोल करकरतो आणि सहज पेटतो. फवाऱ्याचा फोम एकदा फुगून बसला की नंतर वायर शोधणं किंवा पत्र्याचा पोचा काढणं कठीण होतं.

कामाचा क्रम असा ठेवा:

- आतलं अस्तर काढून गंज घासा, प्राइमर मारा आणि गळती तपासा.
- पत्रा पुसून कोरडा करा, मग डॅम्पिंग शीट लावा.
- वायरिंग पाइपमधून ओढून घ्या.
- उष्णता सोसणाऱ्या गोंदाने फोम चिकटवा.
- शेवटी पॅनल बसवा. ते स्क्रूचं ठेवा, म्हणजे पुन्हा उघडता येईल.

दारांच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची भोकं कधीही बुजवू नका. आणि ही कामं पावसाळ्यात काढू नका. ओल्या पत्र्यावर गोंद धरत नाही.

हवा कुठून येणार?

गाडी जितकी घट्ट बंद, तितका वायुवीजनाचा प्रश्न मोठा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरल्याचं तपासात पुढे आलं.

या वायूला वास नसतो. त्यामुळे वायर किंवा पाइपसाठी तळाला पाडलेलं प्रत्येक भोक बंद करा, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपू नका, छताजवळ हवा बाहेर टाकणारा पंखा ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

कायदा काय म्हणतो?

उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अस्तरामागे फोम लावणं वेगळं आणि सीट काढून बेड बसवणं किंवा छत कापणं वेगळं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यामुळे कारागिराला आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या आरटीओत जा. अंधेरीकरांसाठी ते अंधेरीत, बोरिवलीकरांसाठी बोरिवलीत, तर मुलुंड-घाटकोपरकरांसाठी वडाळ्यात आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

थोडक्यात, बजेट कमी असेल तर आधी गंज आणि गळती, मग काचा आणि दारांचे रबर, मग छत आणि सगळ्यात शेवटी भिंती. दिसायला सुंदर लाकडी पॅनल नंतरही बसवता येतं. त्यामागचा गंज मात्र दिसतो तोपर्यंत बराच पत्रा खाऊन झालेला असतो.